घरच्या रेडिएशन मीटरवरचा आकडा आणीबाणीत कसा वाचायचा

"मीटरवर ०.३४ दाखवतंय, घर सोडायचं का?" अणुभट्टीत काही बिघडल्याची बातमी आली की असे प्रश्न ढिगाने येतात, सोबत स्क्रीनचा फोटो, आणि मग दहा जण दहा उत्तरं देतात. खरं सांगायचं तर नुसत्या ०.३४ वरून कोणालाच काही सांगता येत नाही. काल याच जागी किती होतं? युनिट कुठलं? पाऊस पडतोय का? मीटर खिडकीत आहे की अंगणात? आत ट्यूब कुठली आहे? एवढं कळलं की मग तोच आकडा बरंच बोलतो. घरी मीटर आहे किंवा घ्यायचा विचार आहे अशांसाठी हे लिहितोय, आणि जमलं तर शांत दिवसातच वाचा, कारण यातलं सगळ्यात महत्त्वाचं काम आणीबाणीच्या आधीच उरकायचं असतं.

एक गोष्ट आधीच ठरवून टाका. सरकारी यंत्रणेने घरात थांबा म्हटलं तर थांबायचं, निघा म्हटलं तर निघायचं. मीटर कमी दाखवतोय म्हणून आदेश मोडायचा नाही, त्याची भक्कम कारणं पुढे येतीलच. मीटरचा उपयोग उलट दिशेने करायचा, म्हणजे आदेश यायला उशीर होतोय आणि तुमचं रीडिंग सारखं वर चाललंय तर खिडक्या बंद करून सगळ्यांना आत घ्यायला कोणाची वाट बघायची गरज नाही.

मीटरला नेमकं काय कळतं

घरगुती मीटर बहुतेक गायगर-म्युलर ट्यूबचे असतात. ट्यूबमध्ये गॅस भरलेला असतो, त्यात किरणाने आयन तयार केले की एक पल्स निघते, तोच तो टिक् टिक् आवाज. मिनिटाला जेवढ्या पल्स येतात त्याला सीपीएम म्हणतात, म्हणजे काउंट्स पर मिनिट. मीटरला खरोखर कळतं ते एवढंच. किरण किती एनर्जीचा होता, भट्टीतून निघणाऱ्या किरणोत्सारी सिझियममधून आला की आयोडीनमधून की भिंतीतल्या ग्रॅनाइटमधून, हे या ट्यूबला सांगता येत नाही. स्क्रीनवर जो मायक्रोसिव्हर्टचा (शरीराला मिळणारा डोस मोजायचं युनिट) आकडा येतो तो सीपीएमला एका ठरलेल्या संख्येने भागून काढलेला असतो, आणि ती संख्या सहसा सिझियम-१३७ किंवा कोबाल्ट-६० च्या गॅमा किरणांवर, म्हणजे सगळ्यात आरपार जाणाऱ्या किरणांवर, बसवलेली असते.

ही भागायची संख्या ट्यूबप्रमाणे बदलते आणि इथेच निम्मे गोंधळ होतात. एसबीएम-२० ही जुनी सोव्हिएत डिझाइनची बारीक नळी, खूप किटमध्ये असते, तिच्यात साधारण १७५ सीपीएम म्हणजे ताशी १ मायक्रोसिव्हर्ट धरतात. एलएनडी-७३१७ ही मोठी चपटी ट्यूब, पॅनकेक म्हणतात तिला, तिच्यात तोच हिशोब ३३४ सीपीएमचा. म्हणजे दोघांनी "माझ्याकडे ६० सीपीएम आहे" असं टाकलं तर एकाचं ०.३४ झालं आणि दुसऱ्याचं ०.१८. म्हणून आपल्या मीटरमध्ये कुठली ट्यूब आहे आणि ही भागायची संख्या, म्हणजे फॅक्टर, किती आहे हे मॅन्युअलमधून शोधून मीटरच्या पाठीवर चिकटपट्टीवर लिहून ठेवा, आणि कोणाचं सीपीएम ऐकलं तर ट्यूब विचारल्याशिवाय आपल्याशी तुलना करू नका.

अजून एक खाच. एसबीएम-२० ची भिंत पातळ धातूची आहे, त्यातून गॅमा आणि त्यांच्यापेक्षा कमी आरपार जाणारे पण जरा तगडे बीटा किरण आत जातात, सगळ्यात लवकर अडणारे अल्फा जात नाहीत. पॅनकेक ट्यूबला अभ्रकाची खिडकी असते, तिच्यातून अल्फासुद्धा जातात. आता अशी उघडी ट्यूब तुम्ही धूळ बसलेल्या पृष्ठभागाला टेकवली तर बीटाचे काउंट धो-धो येतात आणि मीटर बिचारा सगळे गॅमा समजून भागाकार करतो, मग मायक्रोसिव्हर्टचा आकडा उगाच फुगतो. नियम सोपा आहे: जमिनीपासून १ मीटर उंचीवर हवेत धरून घेतलेलं रीडिंग मायक्रोसिव्हर्टमध्ये वाचायचं, आणि वस्तूजवळ, अंगाजवळ, बुटाजवळ धरलं की फक्त सीपीएमकडे बघायचं, तेही "नेहमीपेक्षा किती पट" एवढ्याचसाठी.

युनिटचा घोळ

हे पटकन उरकू, पण चूक इथे झाली तर थेट हजार पटीची होते. १ मिलिसिव्हर्ट म्हणजे १००० मायक्रोसिव्हर्ट, आणि १ मायक्रोसिव्हर्ट म्हणजे १००० नॅनोसिव्हर्ट. बरीच सरकारी स्टेशनं नॅनोमध्ये आकडे देतात, तिथलं ११० म्हणजे तुमच्या मीटरवरचं ०.११. जुने मीटर मायक्रोरॉन्टजेन (रॉन्टजेन हे जुनं युनिट) दाखवतात, तिथे साधारण १०० मायक्रोरॉन्टजेन म्हणजे १ मायक्रोसिव्हर्ट धरायचं.

आणि "ताशी" हा शब्द कधीही गाळू नका. ताशी मायक्रोसिव्हर्ट हा गाडीचा स्पीड आहे, एकूण डोस म्हणजे कापलेलं अंतर. ताशी ५ दिसलं आणि तुम्ही तिथे पूर्ण दिवस थांबलात तर डोस १२० मायक्रोसिव्हर्ट, म्हणजे ०.१२ मिलिसिव्हर्ट. ताशी १०० असलेल्या जागी १० तास काढले तर १ मिलिसिव्हर्ट. बहुतेक मीटरमध्ये एकूण डोसचं वेगळं पान असतं, ते आज शोधून ठेवा आणि रीसेट कसं करायचं तेही बघून ठेवा.

तुलनेसाठी काही आकडे डोक्यात असू द्या. निसर्गातूनच माणसाला जगभरात सरासरी वर्षाला साधारण २.४ मिलिसिव्हर्ट मिळतात, त्यातला जवळपास अर्धा वाटा श्वासातून जाणाऱ्या रेडॉनचा, जो तुमचा मीटर डोस म्हणून मोजतच नाही. जमिनीवर बहुतेक ठिकाणी मीटर ताशी ०.०५ ते ०.२ च्या दरम्यान असतो, विमानात वर गेल्यावर ताशी ३ च्या पुढे जातो. एकूण डोस १०० मिलिसिव्हर्टच्या पुढे गेला की कॅन्सरचा धोका वाढल्याचं अभ्यासात स्पष्ट दिसतं, आणि रेडिएशन सिकनेस म्हणजे उलट्या वगैरे हा साधारण एका सिव्हर्टच्या, म्हणजे १००० मिलिसिव्हर्टच्या आसपासचा डोस थोड्या वेळात मिळाला तर. ०.१ वरून ०.३ झालेल्या मीटरकडे बघून आजारी पडायची भीती वाटत असेल तर हे अंतर आठवा.

पहिली पायरी: शांत दिवसात आपलं नॉर्मल शोधा

सगळ्यात कामाची पायरी हीच आणि नेमकी हीच बहुतेक जण टाळतात. ज्याच्याकडे आधीचे आकडे नाहीत त्याच्या मीटरला आणीबाणीत फार किंमत राहत नाही, कारण प्रत्येक घराचं नॉर्मल वेगळं असतं. ग्रॅनाइटची फरशी असेल तर आत बाहेरपेक्षा जास्त दाखवेल, लाकडी घरात उलटं असू शकतं, काही भागातली मातीच मुळात जास्त असते.

दोन जागा ठरवा. एक घरात, रोज जिथे जास्त वेळ जातो तिथे. दुसरी बाहेर किंवा बाहेरच्या खिडकीत, शक्यतो जमिनीपासून १ मीटरवर आणि भिंतीपासून लांब. या जागा नंतर बदलायच्या नाहीत. निदान आठवडाभर सकाळ-संध्याकाळ रीडिंग घ्या, तारीख, वेळ, जागा, सीपीएम, मायक्रोसिव्हर्ट आणि हवा कशी होती एवढं लिहा. वहीत लिहा, कारण आणीबाणीत वीज आणि नेट दोन्ही जाऊ शकतं. त्यात पावसाचा एखादा दिवस मुद्दाम पकडा, त्याचं कारण पुढे आहे.

रीडिंग घेताना एका मिनिटाच्या आकड्यावर कधीच जाऊ नका. रेडिओअ‍ॅक्टिव्ह क्षय हा लहरी प्रकार आहे, टिक्स ठरावीक अंतराने येत नाहीत, कधी पाच एकदम, कधी बराच वेळ शांत. गणित असं की जेवढे काउंट आले त्याचं वर्गमूळ म्हणजे साधारण इकडे-तिकडे होण्याची मर्यादा. मिनिटाला २० काउंट असतील तर ४-५ ने वरखाली होणं अगदी नैसर्गिक, आणि अधूनमधून २९-३० सुद्धा दिसेल, काही घडलेलं नसताना. तेच २० मिनिटं मोजून ४०० काउंट जमले तर फरक २० चा, म्हणजे ५ टक्के. तेव्हा १० मिनिटांचा, शक्य असेल तर २० मिनिटांचा अ‍ॅव्हरेज घ्यायचा आणि तोच वहीत उतरवायचा. स्क्रीनवर क्षणभर चमकलेला सगळ्यात मोठा आकडा, ज्याला मीटर 'मॅक्स' म्हणून जपून ठेवतो, तो कोणाला सांगत बसू नका, त्याने फक्त घबराट पसरते.

अलार्म किती वर लावायचा? फॅक्टरी सेटिंग तसंच ठेवू नका. आपल्या नॉर्मलच्या तिप्पटीवर लावला तर रोज उगाच वाजत नाही आणि खरं काही आलं तर चुकतही नाही.

दुसरी पायरी: बातमी आल्यावरचे पहिले तास

मीटर पातळ पारदर्शक प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड बंद करा. गॅमाला पिशवीने काहीच फरक पडत नाही, पण मीटरवरच किरणोत्सारी धूळ बसली तर त्यानंतरचं प्रत्येक रीडिंग खोटं येतं आणि तुम्हाला कळतही नाही. नवीन सेल टाका, सेल उतरले की ट्यूबचं व्होल्टेज पडतं आणि काउंट कमी येतात. मोबाइल आणि चार्जर मीटरपासून जरा लांब ठेवा, काही स्वस्त मीटरमध्ये त्यांच्यामुळे खोट्या पल्स येतात.

मग बाहेर जाऊन मोजायचा मोह टाळा. घरात थांबायचा आदेश असेल तर खिडकीच्या काचेला आतून लावलेला मीटर पुरेसा आहे. बाहेरचा खरा आकडा त्यापेक्षा जास्त असणार हे गृहीत धरा, पण चढ-उतार अगदी तसाच दिसतो आणि आपल्याला तेच हवंय. पहिल्या दिवशी दर १५ मिनिटांनी एक नोंद, रात्री कोणीतरी आलटून-पालटून जागं राहा.

रीडिंग वाढलं की आधी तीन प्रश्न विचारा. दुसऱ्या जागेचं रीडिंगही वाढलंय का? जवळपासच्या दुसऱ्या कोणाच्या मीटरवर किंवा सरकारी स्टेशनवर तीच वाढ दिसते का? आणि १० मिनिटांच्या अ‍ॅव्हरेजमध्येही टिकून आहे का? एकट्या तुमच्याच मीटरने उडी मारली तर शक्यता बऱ्याच असतात. ओलावा, मीटर पडणं, किंवा शेजारून नुकताच न्यूक्लिअर मेडिसिनचा स्कॅन करून आलेला पेशंट गेला. स्कॅनमध्ये वापरतात त्या टेक्नेशियम-९९एमचं अर्धायुष्य, म्हणजे निम्मं उरायला लागणारा वेळ, ६ तास, आणि थायरॉइडसाठी आयोडीन-१३१ ची ट्रीटमेंट घेतलेला माणूस तर कित्येक दिवस मीटर वाजवू शकतो. अशी वाढ माणूस लांब गेला की लगेच उतरते. भट्टीतून निघालेल्या किरणोत्सारी वायू-धुळीचा खरा ढग आला तर एका पाठोपाठ एक, वाऱ्याच्या दिशेने, सगळ्यांचे मीटर चढतात.

तिसरी पायरी: ग्राफचा आकार ओळखा

आकड्यापेक्षा आकार जास्त सांगतो. वहीतल्या नोंदी कागदावर टिंब-टिंब मांडा, साधारण तीन आकार दिसतात.

पहिला पावसाचा टेकाड. पाऊस सुरू झाला की मीटर हळूहळू नॉर्मलच्या दीडपट, कधी दुप्पट जातो आणि पाऊस थांबल्यावर दोन-तीन तासात पुन्हा खाली येतो. याचा अणुभट्टीशी काहीही संबंध नाही. जमिनीतून निघालेला रेडॉन हवेत असतो, त्याच्यापासून शिसं-२१४ आणि बिस्मथ-२१४ तयार होतात, पाऊस त्यांना धुऊन खाली आणतो. त्यांचं अर्धायुष्य अनुक्रमे साधारण २७ आणि २० मिनिटं, म्हणून सगळं पटकन विरतं. प्रत्येक आणीबाणीत निम्मी खोटी घबराट या पावसामुळे होते, म्हणूनच शांत दिवसातला पाऊस वहीत हवा.

दुसरा आकार सुळक्याचा. झपकन वर, काही तासांनी झपकन खाली, आणि परत जवळपास जुन्या पातळीवर. ढग वरून गेला पण जमिनीवर फारसं काही सोडून गेला नाही. त्यात झेनॉन-१३३ सारखे वायू जास्त असतील तर असंच होतं, ते कशाला चिकटत नाहीत.

तिसरा आकार पायरीचा, आणि काळजी याची. वर जातो, थोडा उतरतो, आणि मग जुन्या नॉर्मलपेक्षा बराच वर सपाट होऊन बसतो. याचा अर्थ माल, म्हणजे किरणोत्सारी धूळ, जमिनीवर, छतावर, झाडांवर बसलाय. ढग जात असताना पाऊस किंवा बर्फ पडला तर ही पायरी मोठी होते. २०११ मध्ये जपानमधल्या फुकुशिमा दाइइची अणुप्रकल्पाच्या वायव्येला साधारण ४० किलोमीटरवरच्या इताते गावात हेच झालं. १५ मार्चला वारा तिकडे वळला, संध्याकाळी पाऊस-बर्फ झाला आणि तिथली पातळी ताशी ४० मायक्रोसिव्हर्टच्या वर गेली, आणि तेव्हा घरं सोडायचा आदेश २० किलोमीटरच्या वर्तुळापुरताच होता आणि ३० किलोमीटरपर्यंतच्या लोकांना घरात थांबायला सांगितलं होतं. इताते अधिकृतपणे खाली करायच्या यादीत आलं ते एप्रिलमध्ये. किलोमीटरपेक्षा वारा आणि पाऊस किती मोठे असतात हे त्या गावाने दाखवून दिलं. म्हणून वहीत वाऱ्याची दिशा आणि पाऊस लिहायचा कंटाळा करू नका.

पावसाचा टेकाड आणि खरी पायरी यात सुरुवातीला फरक कळत नाही, दोन्ही चढतच असतात. तेव्हा एक छोटी टेस्ट आहे, तिचा सराव आत्ताच एखाद्या साध्या पावसात करून बघा. एक कोरडा टिश्यू घ्या, पावसाने नुकत्याच भिजलेल्या गाडीच्या बॉनेटवरून किंवा खिडकीच्या बाहेरच्या कट्ट्यावरून पाणी टिपत पुसा, चांगला हातभर भाग. टिश्यूची घट्ट घडी करा, छोट्या प्लास्टिक पिशवीत घाला आणि मीटरच्या ट्यूबला टेकवून ठेवा. लगेच १० मिनिटं मोजा, मग दर अर्ध्या तासाने पुन्हा १० मिनिटं. घरातलं नेहमीचं सीपीएम त्यातून वजा करा. साध्या पावसात पहिलं रीडिंग नॉर्मलपेक्षा चांगलंच वर दिसतं, साधारण अर्ध्या-पाऊण तासात ते जादाचं निम्मं होतं आणि तीन-चार तासात जवळजवळ काहीच उरत नाही. टिश्यूवर भट्टीतला माल असेल तर एवढ्या वेळात तो असा गळून जात नाही, कारण आयोडीन-१३१ चं अर्धायुष्य ८ दिवस, सिझियम-१३४ चं २ वर्षं, सिझियम-१३७ चं ३० वर्षं. खऱ्या आणीबाणीत ही टेस्ट आदेश परवानगी देत असेल तरच, ग्लोव्हज आणि मास्क घालून, खिडकीतून हात बाहेर काढून करायची, आणि टिश्यू नंतर उघड्यावर टाकायचा नाही.

चौथी पायरी: किती आकड्याला काय समजायचं

देशागणिक मर्यादा बदलतात आणि तुमच्याकडे यंत्रणा जे सांगेल तेच चालणार, पण आपण कुठे उभे आहोत याचा अंदाज यावा म्हणून सांगतो. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या मार्गदर्शनात जमिनीपासून १ मीटरवरच्या रीडिंगसाठी काही पातळ्या दिल्यात, पण त्या जमिनीवर माल बसल्यानंतरच्या आहेत, डोक्यावरून ढग जात असतानाच्या सुळक्याला लावायच्या नाहीत. नॉर्मलच्या वर ताशी १ मायक्रोसिव्हर्ट दिसलं की स्थानिक दूध, उघड्यावरची भाजी, पावसाचं पाणी तपासणी होईपर्यंत बंद. सुरुवातीच्या दिवसात ताशी १०० असेल तर तिथे राहणं पुढे चालू ठेवता येणार नाही, लोकांना तात्पुरतं दुसरीकडे हलवायची तयारी. पहिले दहा दिवस उलटल्यावर हीच मर्यादा २५ वर येते. आणि ताशी १००० म्हणजे लगेच सुरक्षितपणे बाहेर काढणं, किंवा ते शक्य नसेल तर भक्कम इमारतीत आसरा.

आता यातली मधली जागा बघा, ताशी १ ते २५. तिथे काही तासांचा प्रश्न नसतो, महिन्यांचा असतो. जपानने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट ही मर्यादा धरली आणि तिचं ताशी रूप ३.८ मायक्रोसिव्हर्ट काढलं. ते कसं काढलं बघा, आपल्यालाही करता येतं. माणूस ८ तास बाहेर, १६ तास लाकडी घरात, आणि घरात बाहेरच्या ४० टक्केच पोचतं असं धरलं. म्हणजे दिवसाचे परिणामकारक तास ८ अधिक ६.४, म्हणजे १४.४. ३.८ गुणिले १४.४ गुणिले ३६५ केलं की साधारण २०,००० मायक्रोसिव्हर्ट, म्हणजे २० मिलिसिव्हर्ट. तुमच्या घरात आत-बाहेरचं गुणोत्तर किती आहे ते तुमचा मीटरच सांगेल, त्यामुळे हा हिशोब स्वतःच्या घरासाठी करता येतो. फक्त बॅकग्राउंड, म्हणजे शांत दिवसातलं नॉर्मल, आधी वजा करा.

घरातच थांबायचं असेल तर मीटरचा सगळ्यात सुंदर उपयोग म्हणजे घरातली सगळ्यात चांगली जागा शोधणं. जमिनीवर आणि छतावर माल बसतो, म्हणून दोघांपासून आणि बाहेरच्या भिंतींपासून जेवढं लांब तेवढं बरं. जमिनीवर बसलेल्या मालापासून लाकडी घर साधारण ६० टक्के अडवतं, विटांचं ८० टक्के, तळघर ९० किंवा जास्त, उंच इमारतीच्या मधल्या मजल्यांचा मधला भाग तर त्याहून. प्रत्येक खोलीत मधोमध आणि कोपऱ्यात १०-१० मिनिटं मोजा, सगळ्यात कमी जिथे येईल तिथे अंथरुणं टाका, लहान मुलं आणि गरोदर बाई आधी. खोली-खोलीत सहज दुपटीचा फरक निघू शकतो, आणि रात्रभर झोपायचं असेल तर तो फरक खरा डोस कमी करतो.

पाचवी पायरी: मीटरला जे दिसत नाही

हे नीट वाचा, सुरुवातीला म्हटलं ती भक्कम कारणं इथे आहेत.

मीटर बाहेरून येणारे किरण मोजतो, श्वासातून आत गेलेला माल मोजत नाही. ढग घरावरून जात असताना आयोडीन-१३१ श्वासाने थायरॉइडमध्ये जमतं, मुलांना याचा धोका सगळ्यात जास्त, आणि तेव्हा मीटरचा आकडा तुलनेने साधा वाटू शकतो. म्हणून ढग येतोय म्हटल्यावर आकड्याची वाट न बघता खिडक्या-दारं बंद, बाहेरची हवा आत ओढणारा एसी आणि एक्झॉस्ट बंद, फटींना ओला कपडा. पोटॅशियम आयोडाइडची गोळी मीटर बघून घ्यायची नाही, सूचना आली की घ्यायची. माल यायच्या आधीच्या २४ तासांपासून आल्यानंतर २ तासांपर्यंत ती सगळ्यात उपयोगी, ८ तासांपर्यंतही ठीक, दिवस उलटून गेल्यावर घेऊन फायद्यापेक्षा तोटा जास्त. ती फक्त थायरॉइडचं रक्षण करते, सिझियमवर तिचा काही उपयोग नाही, आणि जखमेवर लावायचं आयोडीन तर चुकूनही पोटात घ्यायचं नाही.

दुसरं, खाणं आणि पाणी. हे घरच्या गायगरने तपासता येत नाही, ठामपणे सांगतो. मार्च २०११ मध्ये टोकियोच्या कानामाची जलशुद्धीकरण केंद्रात लिटरमागे २१० बेक्वेरेल (किरणोत्सार मोजायचं युनिट) आयोडीन-१३१ सापडलं आणि तान्ह्या बाळांना ते पाणी देऊ नका असं सांगण्यात आलं, बाळांची मर्यादा १०० होती. तेवढं पाणी ग्लासात घेऊन घरच्या मीटरला लावलं असतं तर बॅकग्राउंडच्या चढ-उतारात ते दिसलंच नसतं. त्यासाठी शिशाच्या जाड कवचातला गॅमा स्पेक्ट्रोमीटर लागतो. दुधाच्या पिशवीला मीटर लावून "क्लीन आहे" असं कोणाला सांगू नका, ते सांगणं धोक्याचं आहे.

तिसरं, मीटर भरून जाणं. प्रत्येक पल्सनंतर ट्यूब एक क्षण आंधळी असते. किरण फारच जास्त झाले की ती सावरतच नाही, मग आकडा एका जागी अडकतो, किंवा खाली यायला लागतो, काही मीटर सरळ शून्य दाखवतात. चेर्नोबिलला २६ एप्रिल १९८६ च्या पहाटे हाताशी असलेल्या मीटरची कमाल मर्यादा ताशी ३.६ रॉन्टजेन होती, काटा तिथे टेकला आणि तोच आकडा खरा म्हणून वर कळवला गेला, प्रत्यक्षात भट्टीजवळ त्याच्या हजारो पट होतं. तुमच्या मीटरची कमाल मर्यादा किती ते मॅन्युअलमध्ये बघा, बऱ्याच घरगुती मीटरची ताशी १००० मायक्रोसिव्हर्ट असते. टिक्स एकमेकांत मिसळून सलग आवाज झाला आणि मग एकदम शांतता पसरली, तर ती शांतता चांगली समजू नका. तिथून मागे फिरा, लांब जाताना आकडा पुन्हा वाढला तर मीटर भरला होता हे नक्की.

सहावी पायरी: बाहेरून आलेल्या माणसाला तपासणं

कोणी बाहेरून आलं की दारातच थांबवा. पिशवीतला मीटर, बीटासाठी उघड्या बाजूने, अंगापासून २-३ सेंटिमीटरवर धरा आणि अगदी सावकाश फिरवा, सेकंदाला दोन-चार सेंटिमीटर. घाईने फिरवला की काहीच सापडत नाही. सुरुवात बुटाच्या तळव्यांपासून, मग पँटचा खालचा काठ, हात, खांदे, केस. आधी मीटर तिथेच रिकामा धरून सीपीएम बघा, मग तुलना करा. त्याच्या दुप्पट आणि टिकून असेल तर तिथे माल आहे असं धरा. २८ एप्रिल १९८६ ला स्वीडनच्या फोर्समार्क प्रकल्पात एका कर्मचाऱ्याच्या बुटांनीच अलार्म वाजवला होता आणि चेर्नोबिलची बातमी जगाला तिथून कळायला लागली, तेव्हा बुटांना कमी समजू नका.

उपाय साधा आहे. बाहेरचे कपडे आणि बूट काढले की अंगावरचा बहुतेक माल निघून जातो, ९० टक्क्यांपर्यंत. कपडे न झटकता, डोक्यावरून ओढण्याऐवजी शक्य तर कापून काढा, पिशवीत बांधून माणसांपासून लांब ठेवा. मग कोमट पाणी आणि साबण, त्वचा घासून लाल करू नका, केसांना शॅम्पू चालेल पण कंडिशनर नको, त्याने माल केसाला धरून बसतो. धुतल्यावर पुन्हा मोजा आणि वहीत लिहा. मीटर नसला किंवा चालत नसला तरी हे सगळं करायचंच, आकड्यासाठी अडून बसायचं नाही.

ढग गेल्यानंतरचे आठवडे

यंत्रणेने मोकळं केल्यावर मीटर घेऊन अंगणात सावकाश फिरा. माल सारखा पसरत नाही, पाणी जिथे साचतं तिथे गोळा होतो: छताच्या पन्हाळीखाली, गटाराच्या तोंडाशी, झाडाच्या बुंध्याशी, शेवाळावर. प्रत्येक जागी दोन रीडिंग, एक १ मीटरवर आणि एक जमिनीलगत. जमिनीलगत खूप जास्त आणि १ मीटरवर नॉर्मल असेल तर ठिपका छोटा आहे, तिथे खडू किंवा दगडाने खूण करा आणि मुलांना खेळू देऊ नका. दोन्हीकडे वाढलेलं असेल तर आजूबाजूचा मोठा भाग तसा आहे.

बाहेरच्या ठरलेल्या जागेचं रीडिंग रोज एकदा चालूच ठेवा. सुरुवातीच्या आठवड्यात ते भराभर उतरतं, कारण आयोडीन संपत असतं, महिन्याभरात त्याचा फक्त तेरावा-चौदावा हिस्सा उरतो. मग उतार मंदावतो, उरलेलं बहुतेक सिझियम असतं. अणुबॉम्बच्या फॉलआउटसाठी, म्हणजे स्फोटानंतर खाली पडणाऱ्या किरणोत्सारी धुळीसाठी, एक नियम फिरत असतो, वेळ सात पट झाली की रेडिएशन दहाव्या भागावर, तो भट्टीच्या अपघाताला लावू नका, तिथला माल वेगळा असतो आणि इतक्या झटपट उतरत नाही. तुमचा उतार तुमच्या वहीतूनच काढा.

पिशवी बदलताना जुनी आतून बाहेर उलटी करत काढा, ग्लोव्हज घालून, आणि मीटर घरात त्याच जुन्या जागी ठेवून २० मिनिटं मोजा. शांत दिवसातल्या घरातल्या आकड्यापेक्षा जास्त आलं तर मीटर दुसऱ्या खोलीत नेऊन पुन्हा मोजा. जादाचा आकडा जाईल तिथे मीटरबरोबर तेवढाच जात असेल तर धूळ मीटरवरच आहे, ओलसर कपड्याने पुसा आणि परत मोजा. वहीची एक प्रत काढून ठेवा, त्यावर ट्यूबचं नाव, मीटरची उंची, पिशवी होती की नव्हती हे लिहा. मोजणी करणारी सरकारी टीम तुमच्या भागात आली की ती त्यांच्या हातात द्या आणि त्यांच्या मीटरशेजारी तुमचा मीटर ठेवून एकदा दोन्ही आकडे लिहून घ्या, त्या एका जोडीवरून तुमच्या सगळ्या जुन्या नोंदी दुरुस्त करता येतात.